सापळ्यात ढीगभर फळमाश्या, तरी आंब्यात अळी: मादी फळ निवडते कशावरून?

आमराई_राजापूर

मंडळी, हापूस, पायरी आणि बांधावर रायवळ अशी मिश्र बाग. मिथाइल युजेनॉल या आमिष-वासाचे रक्षक सापळे मार्चपासून टांगलेले आहेत आणि माश्या भरपूर पडतात. तरीही एप्रिलच्या हापूसात अळी जवळपास नसते, १० मेनंतरच्या मालात मात्र दिसायला लागते, आणि शेजारच्याच पायरीत त्याहून जास्त.

तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. सापळा भरतोय तर अंडी घालणारी माशी येते कुठून? मादीला फळातलं नेमकं काय खुणावतं: वास, गोडी, रंग की सालीचा मऊपणा? आणि हे कळल्यावर बागेत काय बदलता येईल? "अमुक औषध मारा" हे उत्तर नको, ते दुकानातही मिळतं.

गंधवेध

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे. मिथाइल युजेनॉलला येतो तो नर. आंब्यावरची आपली मुख्य फळमाशी म्हणजे बॅक्ट्रोसेरा डॉर्सॅलिस. तिचा नर मिथाइल युजेनॉल चाटतो, त्यापासून शरीरात मादीला ओढणारा गंध बनवतो आणि तिन्हीसांजेला त्या जोरावर जोडी जमवतो. मादीला त्या सापळ्याशी काही देणंघेणं नाही. एक नर अनेक माद्यांना पुरतो, त्यामुळे शंभरातले ऐंशी नर मेले तरी उरलेले वीस काम भागवतात. शिवाय शेजारच्या बागेतून मीलन झालेली मादी उडत आली तर तुमच्या सापळ्यांचा तिच्यावर शून्य परिणाम. नर संपवायचा मार्ग चालतो तो सगळ्या वाडीने एकदम, हंगामाच्या आधीपासून आणि खंड न पाडता लावला तरच. एकट्या बागेत तो सापळा म्हणजे माशी किती आहे हे सांगणारं मापक.

या माशीला तीन वेगवेगळ्या गरजांसाठी तीन वेगवेगळे वास लागतात, आणि आपण ते एकाच पिशवीत घालतो. नराला मिथाइल युजेनॉल. कोषातून नुकत्याच निघालेल्या मादीला प्रथिन, कारण त्याशिवाय तिच्या पोटात अंडी तयार होत नाहीत. ती अमोनियासारख्या वासामागे जाते, म्हणजे पक्ष्यांची विष्ठा, पानांवरचे जिवाणू, यीस्ट. अंडी तयार झाली आणि मीलन झालं की तिसरा वास सुरू होतो: फळाचा. त्या अवस्थेतल्या मादीचं प्रथिनाकडचं लक्ष बरंच कमी झालेलं असतं.

आता फळाचा वास म्हणजे काय ते बघा. कच्च्या हापूसाचा वास मुख्यतः टर्पीन गटाचा. त्यात ओसिमीनचा वाटा सर्वांत मोठा, म्हणून कैरी आणि चीक यांना तो हिरवट, रेझिनसारखा दर्प असतो. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने हापूसच्या वाढीच्या आणि पिकण्याच्या टप्प्यांवर हे घटक मोजले आहेत. पिकायला लागल्यावर टर्पीन राहतातच, पण त्यांच्यात लॅक्टोन आणि फ्युरॅनोन ही नवी मंडळी येऊन मिळतात. पिकल्या हापूसाचा मलईदार, दुधाळ गोड वास आहे तो लॅक्टोनचा. गुळचट, साखर करपल्यासारखी छटा आहे ती फ्युरॅनोनची. लॅक्टोन गरातल्या स्निग्धाम्लांपासून बनतात, आणि ते यंत्र पिकतानाच चालू होतं.

त्यातला गॅमा-ऑक्टालॅक्टोन हा आपल्या प्रश्नाचा गाभा. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेतल्या गटाने २०१४ मध्ये दाखवलं की डॉर्सॅलिसच्या गर्भार माद्या या एका घटकावर अंडी घालायला प्रवृत्त होतात. ज्या माद्यांनी जन्मात आंबा पाहिलेला नाही त्याही. म्हणजे ही ओळख शिकलेली नाही, उपजत आहे. एथिल टिग्लेट आणि १-ऑक्टेन-३-ऑल यांचाही असाच परिणाम त्या कामात दिसला.

कोकणातल्या भाषेत सांगायचं तर मादी पाड, म्हणजे झाडावरच पिकायला लागलेलं फळ, ओळखते. फळ झाडावरच पाडाला लागलं की देठाजवळ आणि खांद्याशी आधी वास सुटतो. आपल्या नाकाला तो हात लावून हुंगल्याशिवाय कळत नाही, तिला कळतो. तुमच्याकडे १० मेपर्यंत हापूस १२-१४ आण्याला (१६ आणे म्हणजे पूर्ण तयार) उतरतोय आणि त्यानंतर राहिलेलं फळ झाडावर पाडाला जातंय, असं असेल तर अर्ध कोडं तिथेच सुटलं. उरलेलं अर्ध म्हणजे मे महिन्यापर्यंत माशीची एक-दोन पिढ्यांची वाढ झालेली असते आणि वळवाची सर पडली की हवेतला ओलावा तिच्या सोयीचा होतो.

रंगाचं म्हणाल तर पिवळा तिला दुरून दिसतो आणि गोल आकार आवडतो. पण ते उतरण्यापुरतं. उतरल्यावर अंडी घालायची की नाही हे वास आणि चव ठरवतात. गोडीचा थेट संबंध आपण समजतो त्यापेक्षा कमी आहे. गोडी आणि लॅक्टोन एकाच वेळी वाढतात म्हणून गोडीमुळेच माशी येते असं वाटतं.

सालपारखी

वरच्या उत्तराशी बहुतेक सहमत, पण सालीला त्यात फारच दुय्यम जागा मिळाली आहे. वास आवडला म्हणून अंडी घातली असं होत नाही. मादी फळावर उतरल्यावर चालते, पायांनी आणि तोंडाच्या सोंडेने साल चाखते, मग पोटाचं टोक वाकवून अंडनलिका टेकवते. त्या नलिकेच्या टोकालाही चव घेणारे केस असतात. पुष्कळदा ती टोचते, आत काहीतरी नकोसं लागतं आणि अंडी न घालता उडून जाते. भिंगाखाली डंख दिसतो पण आत अंडं नाही, असं फळ सापडतं ते यामुळे.

ते नकोसं म्हणजे दोन गोष्टी. एक, चीक. आंब्याच्या सालीत चिकाच्या नळ्यांचं जाळं असतं. कच्च्या फळात त्या नळ्या दाबाखाली भरलेल्या असतात. टोचलं की टर्पीन असलेला चीक उसळून बाहेर येतो आणि त्यात सापडलेली अंडी व कोवळ्या अळ्या मरतात. भूमध्य फळमाशीच्या अंड्यांच्या बाबतीत हे १९८० मध्येच नोंदलेलं आहे. फळ पिकत गेलं की नळ्यांतला दाब उतरतो आणि हे संरक्षण ढिलं पडतं. दोन, सालीतले फिनॉल, म्हणजे जिभेला तुरट लागणारे पदार्थ. लंगडा आणि ईसी ९५८६२ या आंब्यांवर डॉर्सॅलिस कमी लागते आणि त्यांच्या सालीत फिनॉलचं प्रमाण जास्त असतं, हे बंगळुरूच्याच कामातून २०१२ मध्ये पुढे आलं. फिनॉलही पिकताना घटतात.

त्यामुळे पाडाला लागलेल्या फळात तीन दरवाजे एकदम उघडतात: बोलावणारा वास वाढतो, हाकलणारा चीक आणि फिनॉल उतरतात, आणि साल मऊ होते. यातलं एकटं कारण वेगळं काढून "हेच खरं" म्हणण्यात अर्थ नाही.

पायरीत जास्त दिसते याचा अर्थ पायरी जातीनेच माशीला प्रिय, असा लगेच काढू नका. हापूस बाजारासाठी वेळेत उतरतो. पायरी घरच्या रसासाठी म्हणून झाडावर पाड लागेपर्यंत राहते. तुलना करायची तर दोन्ही एकाच आण्याची घ्या.

आणखी एक: कच्च्या फळाला अळी लागते तेव्हा शंभरदा तिथे आधीची जखम असते. फांदीला घासलेला ओरखडा, फुलकिड्यांनी खरवडलेली खडबडीत साल, गारपीट, तडा. जखमेतून वास आधी सुटतो आणि नळ्याही आधीच फुटून रिकाम्या झालेल्या असतात. मादीला आयती वाट. दुसऱ्या मादीने केलेलं ताजं छिद्रही वापरलं जातं.

आमराई_राजापूर

दोघांचेही आभार. मग सगळा हापूस १२ आण्याला उतरवला तर माशीचा प्रश्नच मिटला म्हणायचा का? आणि डंख मारलेल्या फळात दुसरी मादी पुन्हा घालते का? एकाच आंब्यात वेगवेगळ्या आकाराच्या अळ्या निघतात, म्हणून विचारतो.

गंधवेध

मिटला नाही, कमी झाला. माश्यांचा दाब खूप असेल आणि आसपास पाडाचं फळ नसेल तर मादी हिरव्या फळातही घालते. पोटात अंडी तयार असताना ती किती वाट पाहणार? फक्त हिरव्या फळात जगणाऱ्या अळ्या कमी. आणि १२ आण्याच्या खाली गेलात तर माशी टळेल पण आंबा सुरकुतेल, आंबट राहील. तो सौदा परवडणारा नाही.

डंखलेल्या फळाचं: सफरचंदावरची माशी अंडं घातल्यावर सालीवर पोट घासत खूण-गंध सोडते, "इथे जागा भरली" अशी पाटी. युरोपात चेरीच्या माशीची तशी खूण बागेत फवारूनही पाहिली गेली. डॉर्सॅलिस अशी पाटी लावताना दिसत नाही. पण २०२० मध्ये चीनमधल्या संशोधनातून वेगळीच गंमत निघाली. अंड्याच्या पृष्ठभागावर प्रोव्हिडेन्शिया आणि क्लेब्सिएला हे जिवाणू असतात. ते फळात गेले की फळातून बीटा-कॅरियोफायलीन हा वास जास्त निघायला लागतो आणि पुढच्या माद्या ते फळ टाळतात. पाटी जिवाणूंमार्फत लागते म्हणा ना. मात्र ती लागायला वेळ जातो. तोवर त्याच छिद्रात आणखी कुणी घालून गेलेली असते, आणि दाब जास्त असताना टाळाटाळही फारशी उरत नाही. वेगवेगळ्या आकाराच्या अळ्या त्यातूनच.

बागेत काय बदलायचं, हा तुमचा तिसरा प्रश्न राहिला होता. माझ्या हिशेबाने महत्त्वाचा क्रम असा.

सगळ्यात आधी रायवळ. बांधावरचा रायवळ झाडावर पिकतो, पडतो, कुणी उचलत नाही. तो अख्ख्या बागेसाठी वासाचं बोलावणं आणि अळ्यांचं पाळणाघर दोन्ही आहे. पडलेलं फळ दिवसाआड तरी वेचा. अळी फळातून उडी मारून बाहेर पडते आणि जमिनीत २ ते ५ सेंमी खोल जाऊन कोष करते, त्यामुळे चार दिवसांनी वेचलं तर रिकामी खोकी वेचल्यासारखं. वेचलेलं फळ शेणखताच्या खड्ड्यावर वरवर टाकू नका. दोन फूट खोल पुरा आणि माती दाबा, किंवा जाड प्लास्टिक पिशवीत तोंड घट्ट बांधून आठवडाभर उन्हात ठेवा.

दुसरं, पिशव्या. कोकण कृषी विद्यापीठाची २५ × २० सेंमी कागदी पिशवीची शिफारस आहे, फळ गोटी ते अंड्याएवढं असताना. पिशवी वास अडवत नाही. मादी येते, पण तिची अंडनलिका सालीपर्यंत पोचत नाही. म्हणून पिशवी फळाला चिकटून बसली असेल किंवा खालून फाटली असेल तर उपयोग नाही. देठाशी गाठ सैल राहिली तर ती तिथूनच आत शिरते. डागविरहित साल आणि साका (गराचा पांढरट, स्पंजासारखा भाग) कमी हा वरचा फायदा.

तिसरं, प्रथिन आमिष, तेही वेळेवर. कोषातून निघाल्यापासून अंडी घालेपर्यंत मादीला साधारण ८ ते १२ दिवस लागतात आणि तेवढ्याच काळात ती प्रथिनाला भुलते. म्हणून काढणीच्या ४५ दिवस आधी सुरू करून दर आठवड्याला, पाऊस पडला तर लगेच पुन्हा. फवारा फळावर नको. खोडावर आणि आतल्या पानांच्या खालच्या बाजूला, जाड थेंबात, झाडाला २००-२५० मिली पुरे. नुसतं गुळाचं पाणी वापरणारे बरेच आहेत. गूळ साखर देतो, प्रथिन नाही, आणि मुंग्या व मधमाश्या ओढतो. त्यात कोणतं कीटकनाशक मिसळायचं हे लेबलवर आंबा आणि फळमाशी दोन्ही छापलेलं असेल तरच, निर्यातीचा माल असेल तर त्या देशाची अवशेष मर्यादा बघून.

पिकल्या गराच्या बाटलीचे घरगुती सापळे गर्भार मादीला पकडतात हे खरं. एक लिटरची बाटली, वरच्या तिसऱ्या भागात ८ मिमीची चार छिद्रं, आत पिकला गर, पाणी आणि दोन थेंब साबण. पण शेजारी झाडावर हजार फळं तोच वास सोडत असताना तुमची बाटली कुठे पुरणार? शिवाय तीन-चार दिवसांत गर आंबून व्हिनेगरसारखा वास सुटला की त्यात चिलटं भरतात आणि माणूस खूश होतो. मादी बागेत आली का हे कळण्यापुरती ती लावा.

पॅकहाऊस_रत्नागिरी

एक व्यवहारातली खूण सांगतो. अळी झाडावर लागली की आढीत, हे अळीच्या लांबीवरून कळतं. अंडं फुटायला १ ते २ दिवस, अळीची पूर्ण वाढ पुढच्या ७ ते १० दिवसांत. १४ आण्याचा हापूस गवताच्या आढीत साधारण ८-१० दिवसांत तयार होतो. तयार फळ कापल्यावर ७-१० मिमीच्या, उड्या मारणाऱ्या अळ्या निघाल्या तर डंख झाडावरचा, किंवा काढणीनंतर लगेचचा. २-३ मिमीच्या निघाल्या तर माशी आढीपर्यंत पोचली आहे. आणि अळ्या ३-४ मिमीच्याच, उडी न मारणाऱ्या, मागच्या टोकाला दोन बारीक शिंगं असलेल्या असतील व फळ त्या जागी कुजलेलं असेल, तर ती चिलटांची अळी. तिला फळमाशी म्हणून बोंब मारू नका.

आढी हा विषय बागायतदार विसरतात. पडवीत उघड्यावर आढी घातली की सहाव्या दिवसापासून तिथून सुटणारा वास बागेतल्या कुठल्याही फळापेक्षा दांडगा असतो. खोलीला २ मिमीपेक्षा बारीक जाळी लावा, दाराला दुहेरी पडदा, आणि नासलेलं फळ रोज उचला.

गरम पाण्याबद्दल दर वर्षी तोच गोंधळ. ५०-५२ अंशाला ५-१० मिनिटं ही प्रक्रिया करप्यासाठी आहे. त्यात उष्णता सालीच्या थोडी आत जाते, गरातली अळी आरामात वाचते. माशीसाठी ४८ अंश सेल्सिअस, ६० मिनिटं. चुकतं कुठे? एकदम जास्त क्रेट बुडवले की पाणी ४५-४६ वर उतरतं आणि घड्याळ मात्र चालू राहतं. फळं वजनानुसार वेगळी केलेली नसली की मोठ्या फळाच्या आत उष्णता पुरत नाही. पाणी खालीवर फिरवणारा पंप नसेल तर तळ थंड राहतो. कोवळं फळ असेल तर साल भाजते आणि गरात पांढरट टणक ठिपके राहतात, म्हणून १४ आण्याचंच फळ घ्या. बाहेर काढल्यावर गार पाण्यात थंड करून थेट जाळीच्या खोलीत, कारण या प्रक्रियेचा मागे काही अंश राहत नाही. उघड्यावर ठेवलंत तर पुन्हा डंख.

१ मे २०१४ पासून युरोपीय संघाने आपल्या आंब्यावर बंदी घातली होती ती याच माशीपायी. जानेवारी २०१५ मध्ये उठवायचं ठरलं. अमेरिकेसाठी २००७ पासून विकिरण चालतं, ४०० ग्रे. त्यात जिवंत अळी सापडू शकते बरं का, पण तिची माशी होत नाही. ग्राहकाला हे समजावून सांगणं ही वेगळी डोकेदुखी.

कीटकपिंजरा

मूळ प्रश्नातलं "वास की साल" घरच्या घरी वेगळं काढता येतं. कृषी महाविद्यालयातली मुलं प्रकल्प म्हणून विचारतात, म्हणून पद्धत इथेच लिहून ठेवतो.

माश्या मिळवणं: डंखलेली फळं जाळीच्या ट्रेवर, खाली ५ सेंमी किंचित ओलसर बारीक वाळू. १०-१२ दिवसांनी वाळू चाळली की गव्हाच्या दाण्यासारखे तपकिरी कोष मिळतात. कोषातून कधी माशीऐवजी लहान गांधीलमाशी निघते. ती परोपजीवी, तिला बागेत सोडा.

माशीला खाऊ म्हणून साखर आणि यीस्ट हायड्रोलायसेट (विघटन केलेलं यीस्ट, प्रथिनासाठी) ३:१, वेगळ्या वाटीत ओला कापूस. यीस्ट दिलं नाही तर मादी अंडीच घालणार नाही आणि तुम्ही "दोन्ही फळं नापसंत" असा निष्कर्ष लिहाल. नर-मादी एकत्र ठेवा, निघाल्यापासून १५-२० दिवसांच्या माद्या वापरा.

चाचणी एक: ४५ सेंमीचा जाळीचा पिंजरा, १० माद्या, एकाच वजनाची दोन फळं, एक पाडाचं आणि एक १२ आण्याचं. सकाळी ९ ते ४, कारण अंडी दिवसा घातली जातात. तासातासाला फळांच्या जागा बदला; नाहीतर माश्या उजेडाच्या बाजूला जमतात आणि तुम्हाला वाटतं फळ आवडलं. फळं आधी साध्या पाण्याने धुवा, फ्रिजमधली थेट ठेवू नका. थंड फळाचा वास सुटत नाही आणि सालीवर दव जमतं. मिथाइल युजेनॉलचे ठोकळे हाताळलेल्या हातांनी पिंजऱ्याला शिवू नका.

चाचणी दोन, हीच खरी कामाची. दोन पातळ प्लास्टिकच्या बाटल्या घ्या, तापवलेल्या बारीक सुईने प्रत्येकीला ४०-५० छिद्रं पाडा, अर्धा मिमीच्या आसपास. एकीत पाडाच्या आंब्याचा गर लावलेला ओला कापूस, दुसरीत कैरीचा. आता साल दोन्हीकडे सारखीच, प्लास्टिकची. फरक राहिला तर तो वासाचा. फळांवर फरक होता आणि बाटल्यांवर नाहीसा झाला, तर काम सालीचं आणि चिकाचं. प्रयोगशाळेत अंडी गोळा करायला अशीच बाटली वापरतात.

मोजताना नुसते डंख मोजू नका. १० पट भिंगाखाली डंखाभोवतीची साल पात्याने ३-४ मिमी खोल उचला. अंडी पांढरी, केळ्यासारखी बाकदार, सुमारे १ मिमी लांब, एका कप्प्यात जुडीने उभी असतात. डंख किती आणि त्यातल्या किती डंखांत अंडी, हे दोन आकडे वेगळे लिहा. दुसरा आकडा सालीची चव सांगतो.

लहान बंद खोलीत दोन्ही फळांचा वास मिसळतो आणि मादीला दुरून निवड करताच येत नाही. पंखा नको, पण खिडकी उघडी हवी. आणि एकच फळ ठेवून केलेली चाचणी स्वतंत्र समजा. पर्याय नसला की ही माशी कशातही घालते. त्यावरून "या जातीला माशी लागते" एवढंच म्हणता येतं, "आवडते" असं नाही.

पेरूबाग_राहाता

हेच पेरूला लागू का? आणि मांडवावरच्या कारल्याला?

गंधवेध

पेरूला बरंचसं लागू. तिथे डॉर्सॅलिसबरोबर करेक्टा आणि झोनाटा याही जाती येतात, तिघींचेही नर मिथाइल युजेनॉलला येतात. आंबिया बहाराला मार जास्त, कारण फळ पावसाळ्यात पिकतं. गर्द हिरवा रंग पोपटी व्हायला लागला की उतरवा, पिवळा होण्याची वाट पाहू नका. नुसती फोमची जाळी घालून निर्धास्त राहू नका. तिच्या भोकांतून अंडनलिका सहज जाते. वर पिशवी हवीच.

कारल्याचा हिशेब उलटा. तिथली माशी झ्युगोडॅकस कुकुर्बिटे, ती कोवळ्या, मऊ फळात घालते. पाड, लॅक्टोन वगैरे वरचं काही तिला लावू नका. तिचा नरही मिथाइल युजेनॉलला येत नाही, क्यूल्युअर हे वेगळं आमिष लागतं. आंब्यातले उरलेले ठोकळे कारल्याच्या मांडवात टांगले तर ते रिकामेच लोंबकळतील.

आमराई_राजापूर

रायवळाची पडझड दिवसाआड वेचायची आणि पायरी या वेळी हापूसाबरोबरच १४ आण्याला उतरवायची, एवढं ठरवलं. ठोकळे घरी करायचे तर प्रमाण काय?

सालपारखी

५ × ५ × १.२ सेंमी प्लायवूडचे तुकडे. अल्कोहोल, मिथाइल युजेनॉल आणि मॅलॅथिऑन ६:४:१ या प्रमाणात, आकारमानाने. झाकणबंद भांड्यात दोन-तीन दिवस भिजत ठेवा. प्लायवूड रंग किंवा वॉर्निश न लावलेलं घ्या, नाहीतर आत शोषत नाही. हातमोजे घालून, घराबाहेर. सापळे पाडाच्या फळांच्या झाडांत न टांगता बागेच्या कडेने, ४-५ फूट उंचीवर, सावलीत. तारेला ग्रीस लावा, नाहीतर मुंग्या मेलेल्या माश्या उचलून नेतात आणि मोजणी चुकते.